इंजिन काळ सांगतं, डोंगर गाव सांगतो

श्रोतेहो, नमस्कार.

आज बोलायचं आहे ते रेल्वेबद्दल, पण प्रवासाबद्दल नाही. ब्रिटनच्या पश्चिमेला वेल्स नावाचा डोंगराळ मुलूख आहे. तिथल्या लहानसहान रेल्वेमार्गांचे जुने फोटो समोर ठेवून, हा फोटो कुठला आणि कधीचा, याचा छडा लावणारी माणसं आहेत. कुणी निवृत्त रेल्वे कर्मचारी, कुणी शाळामास्तर, कुणी नुसताच हौशी. एका फोटोवर त्यांचा महिनामहिना वाद चालतो. आणि तो वाद ऐकण्यासारखा असतो.

वेल्स हा मुलूख रेल्वेला नवखा नव्हे. 1804 साली फेब्रुवारीत रिचर्ड ट्रेव्हिथिकच्या वाफेच्या इंजिनाने पेनिडॅरनच्या लोखंडी कारखान्यापासून दहा टन लोखंड ओढून नेलं, ते याच भूमीत. पुढे दक्षिणेतल्या दऱ्यांमध्ये कोळसा सापडत गेला आणि प्रत्येक दरीत रूळ पोचले. टॅफ व्हेल, ऱ्हिम्नी, बॅरी, ब्रेकन अँड मर्थर अशा कंपन्यांची भाऊगर्दी झाली. कधी कधी एकाच गावाला दोन कंपन्यांची दोन स्टेशनं, दरीच्या या अंगाला एक आणि त्या अंगाला एक. 1922-23 च्या सुमारास या सगळ्या ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या पोटात गेल्या. 1948 मध्ये ग्रेट वेस्टर्नही सरकारी ब्रिटिश रेल्वेत विलीन झाली. आणि 1960 च्या दशकात तोट्यातले मार्ग बंद करा असं सांगणाऱ्या, रेल्वेचे प्रमुख डॉ. बीचिंग यांच्या अहवालाच्या आगेमागे यातले कित्येक मार्ग बंद पडले.

मार्ग बंद होणार म्हटल्यावर कॅमेरे घेऊन लोक धावले. त्याआधीचेही पोस्टकार्डांचे, काचेच्या निगेटिव्हचे ढीग होतेच. फोटो काढणारा गेला की अल्बम विकला जातो, पानं सुटी होतात, आणि शेवटी एखाद्या खोक्यात एक फोटो उरतो. त्याच्या पाठीवर पेन्सिलीने लिहिलेलं असतं: "वेल्स, बहुधा 1950." कधी तेवढंही नसतं.

बहुतेक रेल्वेवेडे पहिल्यांदा इंजिनाकडे बघतात. माझ्या मते त्यांची निम्मी चूक तिथेच होते. इंजिन हे चालतं-फिरतं. ते आज इथे, उद्या तिथे. इंजिन तुम्हाला काळ सांगेल, आणि फार अचूक सांगेल. जागा मात्र डोंगर सांगतो, भिंत सांगते, कुंपण सांगतं. फोटो काढणाऱ्यांनीही याच वेडापायी इंजिन फोटोभर घेतलं आणि स्टेशन कडेला अर्धवट कापून टाकलं. त्यामुळे नंतरच्या लोकांना फोटोच्या कडांवरच काम करावं लागतं.

एक उदाहरण घेऊ. समजा, तुमच्या हातात असा फोटो आला आहे. एक इंजिन, मागे दोन डबे, फलाट, फलाटावर नावाची पाटी. पाटीचा पहिला शब्द वाफेत गेला आहे, दुसरा दिसतो: जंक्शन. मागे पाणी, नदीच्या मुखाशी असतं तसं पसरट.

आधी इंजिन बघू. पुढे चार छोटी चाकं, मग चार मोठी. आणि मोठी चाकं चौकटीच्या आत लपलेली, बाहेर फक्त फिरणारे दांडे दिसतात. ही झाली ड्यूकडॉग जात. नाव विनोदी वाटेल, पण ते इंजिनाला शोभतं. ग्रेट वेस्टर्नने 1936 ते 1939 या काळात जुन्या बुलडॉग जातीच्या चौकटी घेतल्या, त्यांवर ड्यूक जातीचे बॉयलर बसवले आणि 29 इंजिनं उभी केली. आजच्या भाषेत जुगाडच. पहिल्यांदा त्यांना अर्ल सरदारांची नावं द्यायला सुरुवात झाली होती. आपलं नाव असल्या जुनाट, बुटक्या इंजिनावर? सरदार मंडळी नाराज झाली असं सांगतात. नावाच्या पट्ट्या निघाल्या आणि कासल जातीच्या दिमाखदार इंजिनांवर गेल्या. बिनानावाची ड्यूकडॉग मात्र मध्य वेल्समधल्या कँब्रियन मार्गावर राबत राहिली, कारण तिथले पूल जड इंजिन सोसत नव्हते.

आता नंबर. या इंजिनांचे नंबर आधी 3200 पासून पुढे होते. 1946 मध्ये ते बदलून 9000 पासून पुढे झाले. म्हणजे पितळी पाटीवर 32 ने सुरू होणारा नंबर दिसला तर फोटो 1946 च्या आधीचा, 90 दिसला तर नंतरचा. सोपं वाटतं ना? इथेच फसगत होते. मोकळे झालेले 3200 चे नंबर ग्रेट वेस्टर्नने लगेच दुसऱ्याच जातीच्या नव्या इंजिनांना दिले, आणि त्या जातीची इंजिनंही कँब्रियन मार्गावर धावत. म्हणून नुसता नंबर वाचून वर्ष ठोकायचं नाही. चाकं मोजायची. सहा मोठी चाकं आणि पुढे छोटं एकही नाही, तर ते दुसरं इंजिन, आणि फोटो 1946 नंतरचा. नंबर तोच, निकाल उलटा.

पुढे सरकू. इंजिनाच्या गोल तोंडावर, स्मोकबॉक्सच्या दारावर, नंबराची ओतीव पट्टी आहे का? ग्रेट वेस्टर्नची ती पद्धत नव्हती. ती पट्टी आली ब्रिटिश रेल्वेच्या काळात, 1948 नंतर. तिच्याखाली एक छोटी लंबगोल पाटी असते, इंजिन कुठल्या शेडचं ते सांगणारी. भिंग लावून 89सी वाचता आलं तर ते कँब्रियन मार्गावरच्या मखंथ्लेथ गावच्या शेडचं. टेंडरवर, म्हणजे इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या गाड्यावर, ब्रिटिश रेल्वेच्या चिन्हातला सिंह दिसला तर तोही बोलतो. चाकावर आडवा उभा राहिलेला सिंह 1956 च्या आधीचा, मुकुटातून वर आलेला आणि हातात चाक धरलेला सिंह त्यानंतरचा. ही इंजिनं 1960 पर्यंत सगळी मोडीत निघाली. आज एकच शिल्लक आहे. म्हणजे पट्टी आहे, पाटी आहे आणि नवा सिंह आहे, तर फोटो 1956 ते 1960 या चार-पाच वर्षांतला. काळाचा प्रश्न बराचसा सुटला.

जागेचा? अजून काहीच नाही. मखंथ्लेथचं इंजिन मखंथ्लेथलाच उभं असेल असं थोडंच आहे.

पाण्याच्या काठाला असलेली जंक्शनं कँब्रियन मार्गाच्या या पश्चिम किनाऱ्यावर तेव्हा दोन होती. एक डव्ही जंक्शन, डव्ही नदीच्या मुखाजवळ. दुसरं बारमथ जंक्शन, मौदाख नदीच्या मुखाजवळ. दोन्ही एकाच कंपनीची, दोन्हीकडे दलदल, दोन्हीकडे फलाटावर वारा खात गाडी बदलायची. मग फरक करायचा कशावरून? रस्त्यावरून. डव्ही जंक्शनला गाडीरस्ताच नाही. गाडीतून उतरा, दुसऱ्या गाडीत बसा, एवढ्यासाठी ते स्टेशन. चालत जायला पायवाट आहे, बस्स. त्यामुळे फोटोच्या कोपऱ्यात फलाटामागे एखादी मोटार उभी दिसली की डव्ही जंक्शन बाद. मोटारीच्या नंबरात एफएफ अक्षरं असली तर आणखी चांगलं, कारण ती मेरियोनेथ परगण्याची नोंदणी आणि बारमथ जंक्शन त्याच परगण्यात. एरवी मोटारीकडे नाक मुरडणारे रेल्वेवेडे इथे तिच्यावर भिंग धरून बसतात.

मोटार नसेल तर डोंगर. बारमथ जंक्शनच्या पूर्वेला कादर इद्रिसचा पहाड आहे, जवळजवळ 900 मीटर उंच. त्याची धार एकदा डोळ्यांत बसली की विसरत नाही. दुसऱ्या बाजूला 1867 चा लाकडी खांबांचा लांबलचक पूल. यातलं काही फोटोत आलं की वाद मिटला. आणि पाटीवर बारमथ हा शब्द अर्धवट जरी दिसला तरी आणखी एक टोक हाती लागतं, कारण 1960 मध्ये या स्टेशनचं नाव बदलून मॉर्वा मौदाख झालं.

सावलीचंही ऐका. इथला समुद्र आपल्या कोकणासारखा पश्चिमेला आहे. फलाटावरच्या माणसांच्या सावल्या समुद्राकडे पडल्या असतील तर सकाळ, डोंगराकडे पडल्या असतील तर दुपार उलटलेली. मग त्या वर्षाचं वेळापत्रक काढायचं आणि त्या वेळेला तिथे कुठली गाडी उभी असेल ते बघायचं. काही लोक यात इतके खोल जातात की गाडी किती मिनिटं उशिरा होती यावर त्यांचं भांडण जुंपतं. मला ते थोडं अतीच वाटतं.

सिग्नलचा हात हा आणखी एक साक्षीदार. ग्रेट वेस्टर्नचा हात वाट मोकळी झाली की खाली पडायचा. आपल्याकडे जुन्या स्टेशनांवर असे सिग्नल अनेकांनी पाहिले असतील. ब्रिटनमधल्या इतर मोठ्या कंपन्यांनी 1920 च्या दशकापासून वर उचलला जाणारा हात आणला. त्यामुळे वर गेलेला हात दिसला की ग्रेट वेस्टर्नचा मार्ग बहुतेक बाद होतो. पण खाली पडलेल्या हातावरून ग्रेट वेस्टर्न सिद्ध होत नाही, कारण जुने हात इतरांकडेही बरीच वर्षं टिकले. या छंदात "हे असणार नाही" असं म्हणणं सोपं असतं, आणि शहाणी माणसं आधी तेच म्हणतात.

दक्षिणेच्या कोळशाच्या दऱ्यांमध्ये काम जास्त अवघड. तिथे घरांच्या रांगा एकसारख्या, चॅपल एकसारखी, खाणीच्या डोक्यावरची चाकंही एकसारखी. वाघिणींवर, म्हणजे कोळशाच्या मालडब्यांवर, "ओशन" असं मोठ्या पांढऱ्या अक्षरांत लिहिलेलं दिसलं की नवखा माणूस खूश होतो. ओशन ही डेव्हिड डेव्हिस यांची कोळसा कंपनी, ऱ्होंडा खोऱ्यात तिच्या खाणी. पण वाघीण इंजिनापेक्षाही भटकी. तिच्यावरून गाव ठरवायचं नाही. काळाचा अंदाज मात्र करता येतो: 1939 मध्ये युद्ध लागलं आणि खासगी वाघिणी सरकारने एकत्र करून घेतल्या, 1948 मध्ये तर त्या ब्रिटिश रेल्वेच्याच झाल्या. रंगाने लखलखीत, ताजी अक्षरं असलेली वाघीण सहसा युद्धाआधीची.

या दऱ्यांत डोंगरही दगा देतो, कारण तिथले काही डोंगर माणसाने केलेले. खाणीतला निरुपयोगी माल टाकून टाकून टेकड्या वाढत जायच्या. 1966 च्या ऑक्टोबरमध्ये अबरव्हॅन गावात अशीच एक टेकडी शाळेवर कोसळली. 144 माणसं गेली, त्यांतली 116 लहान मुलं. त्यानंतर ठिकठिकाणच्या टेकड्या उपसून सपाट केल्या गेल्या. म्हणून आज त्या गावात उभं राहून जुना फोटो जुळवून पाहिला तर क्षितिज जुळत नाही. अशा वेळी जुन्या खाणकामगाराला विचारावं लागतं. टेकडीचं टोक कुठल्या साली कुठवर आलं होतं हे त्याला पाठ असतं, आणि पुस्तकी माणूस तिथे गप्प बसतो.

एक गंमत सांगून पुढे जातो. काचेची निगेटिव्ह उलटी धरून छापली की डावं उजवं होतं. नंबर वाचता येत असेल तर लगेच कळतं. नाहीतर सगळं स्टेशन ओळखीचं वाटतं आणि कशाशीच जुळत नाही. अशा वेळी स्टेशनमास्तरच्या कोटाची बटणं बघतात. पुरुषाच्या कोटाची डावी बाजू उजवीवर येते. तसं नसेल, आणि दुहेरी मार्गावर गाडी डावीकडून न जाता उजवीकडून जात असेल, तर फोटो उलटा करून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

सगळ्यांत अवघड फोटो म्हणजे जिथे जाऊन ताडून पाहताच येत नाही असे. उत्तर वेल्समध्ये बाला ते ब्लायनाय फेस्टिन्योग असा एक एकेरी मार्ग होता. उजाड माळ, ओढे, अधेमधे एखादं स्टेशन. लिव्हरपूल शहराला पाणी हवं होतं, म्हणून ट्रवेरिन नदीवर धरण बांधायचं ठरलं. वेल्समधून मोठा विरोध झाला, तो चालला नाही. 1960 च्या जानेवारीत प्रवासी गाड्या थांबल्या, पुढच्या वर्षी मालगाड्याही. 1965 मध्ये धरणाचं उद्घाटन झालं. कापेल केलिन गाव पाण्याखाली गेलं आणि रेल्वेचा एक तुकडाही. धरणग्रस्त गावाची गोष्ट मराठी माणसाला समजावून सांगायला नको.

या तुकड्याचे फोटो ओळखायला ऑर्डनन्स सर्व्हेचे जुने, एका मैलाला 25 इंच मापाचे नकाशे काढतात. त्यांवर प्रत्येक सांधा, प्रत्येक सिग्नलचा खांब, मैलाचा दगडसुद्धा दाखवलेला असतो. फोटोत पूल, मग कुंपणाचा कोपरा, मग ओढ्याचं वळण असा क्रम दिसला की तो क्रम नकाशावर शोधायचा. जुळला की पेन्सिलीची खूण करायची. मग कुणीतरी फोटोची प्रत घेऊन धरणाच्या काठच्या रस्त्यावर जातं. रूळ पाण्यात आहेत, स्टेशन नाही, पण अरेनिग व्हौर हा 854 मीटरचा डोंगर जागेवर आहे. फोटोतली डोंगराची धार आणि समोरची धार जुळेपर्यंत तो माणूस रस्त्याने पुढे-मागे होत राहतो. जुळली, तर फोटोच्या पाठीवरचं "वेल्स, बहुधा 1950" खोडत नाहीत. ते तसंच ठेवून त्याच्याखाली नवी नोंद करतात: जागा, वर्षांचा अंदाज, आणि तो कशावरून केला ते. उद्या कुणाला ते चूक वाटलं तर त्याला वाद घालायला जागा हवी ना.

नमस्कार.