टस्क: दहा लाख डॉलरचा स्टुडिओ आणि टिश्यूचा खोका

नमस्कार, मागे ऐकू येतंय ना? बरं. आज आपण फ्लीटवूड मॅक या रॉक बँडचा टस्क हा अल्बम ऐकणार आहोत, पूर्ण, चारही बाजू, पण त्याआधी थोडी माझी बडबड ऐकून घ्यावी लागेल, कारण हा अल्बम नुसताच लावला तर दुसऱ्या गाण्यालाच लोक चुळबुळ करायला लागतात, अनुभव आहे माझा.

आधी रूमर्सचं, म्हणजे त्यांच्या टस्कच्या आधीच्या अल्बमचं. फेब्रुवारी १९७७ मध्ये तो आला आणि अमेरिकेत ३१ आठवडे एक नंबरला होता. ३१! मग रेकॉर्ड कंपनीला पुढे काय हवं असणार, तर रूमर्स भाग दोन. रूमर्स बनताना बँडमधली दोन जोडपी तुटत होती हे सगळेच सांगतात, ते गॉसिप मी सोडून देतो, मला त्यातली टेपची गोष्ट जास्त आवडते. तेव्हा २४ ट्रॅकच्या टेपवर थरावर थर चढवायचे, गिटार झाली की अजून एक गिटार, मग गाण्याचा आवाज, मग परत आवाज, आणि दर वेळी टेप मशीनच्या हेडवर, म्हणजे आवाज वाचणाऱ्या भागावर, घासत जाणार. इतक्यांदा घासली की तिच्यावरचा लेप निघायला लागला आणि ड्रम्स बोथट झाले, झांजांची धारच गेली. शेवटी सुरुवातीची जपून ठेवलेली कॉपी काढली आणि दोन मशीन्स बरोबर चालवून, वेग कमीजास्त करत, कानाने जुळवत जुळवत सगळं तिच्यावर उतरवलं. तो जो गुळगुळीत आवाज आपल्याला ऐकू येतो ना, त्याच्या मागे ही घासाघीस आहे.

आता ज्याने हे सगळं सोसलंय, तो बँडचा गिटारवाला आणि गायक लिंडसे बकिंगहॅम, बाहेर बघतो तर पंक, म्हणजे खरखरीत झटपट रॉक, आलंय, क्लॅश, टॉकिंग हेड्स असले बँड आलेत, पोरं दोन-चार टेकमध्ये गाणं करून मोकळी होतायत. तेच परत करायला बसायचं या कल्पनेनेच त्याचं डोकं फिरलं असावं, म्हणजे हा माझा अंदाज. मग त्याने घरीच मशीन लावलं आणि बाथरूममध्ये रेकॉर्डिंग करायला लागला. फरशीचा तो टणटणीत आवाज, ड्रमच्या जागी टिश्यू पेपरचा खोका बडवायचा, सगळी वाद्यं स्वतःच वाजवायची. आणि त्याच वेळी दुसरीकडे लॉस एंजेलिसच्या व्हिलेज रेकॉर्डरमध्ये बँडसाठी खास स्टुडिओ डी सजवलेला! दहा लाख डॉलरच्या वर खर्च झाला म्हणतात टस्कवर, १९७९ चे दहा लाख, आणि हा माणूस खोका बडवतोय.

केन कॅले म्हणून त्यांचे इंजिनियर होते, रूमर्सपासूनचे. त्यांनी सांगितलेली गोष्ट आहे, पहिल्या दिवशी त्यांनी नेहमीसारखा सगळा सेटअप लावला, तर बकिंगहॅम म्हणाला प्रत्येक नॉब आत्ता आहे त्याच्या बरोब्बर उलट फिरवा, बघू काय होतं. विचार करा, त्या इंजिनियरचं काय झालं असेल, रूमर्सचा आवाज ज्याने घडवला त्यालाच म्हणायचं सगळं उलटं कर! नंतर बकिंगहॅम माइक जमिनीला चिकटवून, जोर मारायच्या पोझमध्ये ओणवं होऊन गायला लागला. आणि एक दिवस केस नखांच्या कात्रीने कापून आला, शॉवरमध्ये असताना डोकं सटकलं म्हणे.

मजेमजेने सांगतोय, पण मला यातलं एक खटकतं. टस्कबद्दल बोलताना सगळे इथेच थांबतात, वेडा बकिंगहॅम, बाथरूम, संपलं. अरे वीस गाणी आहेत, त्यातली त्याची नऊ. बाकीची बँडमधल्या दोन गायिकांची, सहा क्रिस्टीन मॅकव्हीची, पाच स्टीव्ही निक्सची. म्हणजे निम्म्याहून जास्त अल्बम या दोघींचा आहे आणि त्यांची गाणी मऊ, लांबलचक, नीट सजवलेली आहेत, आणि त्या सजावटीतही याचा हात आहेच. स्वतःच्या गाण्यात ओरखडे काढायचे आणि दुसऱ्याच्या गाण्याला तळहातावर जपायचं, एकाच वर्षात, एकाच बँडमध्ये. मला तरी खोक्यापेक्षा हे अवघड वाटतं. बास गिटार वाजवणारा जॉन मॅकव्ही म्हणालाच होता की हे तीन सोलो कलाकारांचं काम वाटतं. त्याची तक्रार खरी आहे, पण मला त्यातच गंमत वाटते.

बरं, टायटलचं गाणं. साउंडचेकला, म्हणजे कार्यक्रमाआधी आवाज तपासताना, वाजवायचे तो एक रिफ, म्हणजे परत परत येणारा छोटा तुकडा, होता, त्याचं काही केल्या गाणं होईना, मग ड्रम्सचा तुकडा काढून टेपचा लूप केला, तोच ठेका सतत फिरत राहील असा. ड्रमर मिक फ्लीटवूडच्या डोक्यात आलं की यावर मार्चिंग बँड पाहिजे. आणि सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाचा शंभरच्या वर पोरापोरींचा बँड रिकाम्या डॉजर स्टेडियममध्ये उभा करून रेकॉर्ड केला! ज्याने कधी उघड्यावर रेकॉर्डिंग केलंय त्याला विचारा हे किती अवघड. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे तीस-पस्तीस मीटर लांबचा ट्रम्पेट सेकंदाचा दहावा भाग उशिरा पोचणार, ड्रमच्या ठेक्यावर तेवढा फरक म्हणजे गोंधळच. त्यात लूप बिचारा कोणासाठी थांबत नाही. शूटिंगही तिथेच झालं, पण जॉन मॅकव्ही तेव्हा गावातच नव्हता, म्हणून त्याचा पुठ्ठ्याचा कटआउट घेऊन फिरले. व्हिडिओत दिसतो, बघा नक्की.

ऑक्टोबर १९७९ मध्ये डबल अल्बम आला, किंमत १५.९८ डॉलर, तेव्हाच्या मानाने महागच. त्यात एका रेडिओ नेटवर्कने तो पूर्णच्या पूर्ण वाजवला, म्हणजे लोकांनी घरबसल्या टेप करून घेतला असणार, फ्लीटवूडने कमी विक्रीचं खापर त्यावरच फोडलं. अमेरिकेत चार नंबरपर्यंत गेला, ब्रिटनमध्ये एक नंबर. दुसऱ्या कोणासाठी पेढे वाटायची गोष्ट, पण रूमर्सशेजारी ठेवलं की अपयश. कंपनीतल्यांना ख्रिसमसचा बोनस बुडाल्यासारखं वाटलं असणार असं बकिंगहॅमच नंतर सांगायचा. फ्लीटवूडला मात्र बँडच्या सगळ्या अल्बममध्ये हाच सगळ्यात आवडतो.

एक सूचना, ज्यांच्याकडे याची पहिली सीडी आहे त्यांनी ती इथे ऐकलेल्याशी ताडून बघा, एका सीडीत मावेना म्हणून स्टीव्हीचं सारा हे गाणं त्यात कापलंय. आज आपण रेकॉर्डवरून ऐकतोय, पूर्ण आहे.

चला, लावतो. पहिलं गाणं क्रिस्टीनचं, संथ, आरामात टेकून बसा. ते संपल्या संपल्या दुसरं, बकिंगहॅमचं, येईल तेव्हा कोणीतरी उठून स्पीकरची वायर हलवायला जातंच, दर वेळी जातं. जाऊ नका, वायर ठीक आहे.