पंखो लावू? : कानात बोलणाऱ्या पात्रांची गोष्ट

(पडद्यावर : कौलांवरून गळणाऱ्या पागोळ्या, मागे माडांची रांग. एका जाड वहीवर बाईचे हात. चेहरा नाही.)

यांचा चेहरा तुम्हाला दिसणार नाही, नावही कळणार नाही. वेंगुर्ल्याच्या पुढे, खाडीच्या काठाला एक वाडी आहे, तिथे त्या राहतात, एवढं पुरे. आपण त्यांना लेखिका म्हणू. शेजारी विचारलंत तर सांगतील, कॉम्प्युटरवर टायपिंगचं काम करते. ते खोटं नाही, टायपिंग होतंच. पण रात्री जेवणं आटोपली, भांडी पालथी पडली, की माजघराचं दार लागतं आणि आत एक खानावळवाली, एक तरीवाला म्हणजे खाडीवर होडी चालवणारा आणि घाटावरून बदली होऊन आलेला बँकेतला साहेब बोलायला लागतात. तिघंही चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे. गोष्ट त्यांच्या ओढीची आहे, आणि ती उघडपणे शृंगारिक आहे. प्रौढांसाठीची ऑडिओ मालिका, हेडफोन लावून एकट्याने ऐकायची.

लिखाणाबद्दल त्यांना कुणी छेडत नाही, कारण बाहेर कुणाला माहीतच नाही. आमची उत्सुकता वेगळी होती. फक्त आवाजावर चालणाऱ्या अशा गोष्टीत पात्रं एकमेकांपासून वेगळी कशी राहतात?

(पडद्यावर : माजघर. भिंतींवर टांगलेल्या गोधड्या. स्टँडवर माईक.)

हा स्टुडिओ. गोधड्या आजीच्या हातच्या, माईक ऑनलाइन मागवलेला. आधी कंडेन्सर माईक होता. तो इतका कानाचा तिखट, की परसातले बेडूकसुद्धा नायक-नायिकेच्या मध्ये येऊन बसायचे. आता डायनॅमिक माईक आहे, जवळचं ऐकतो, लांबचं बरंचसं सोडून देतो. सिंधुदुर्गात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर. शिवाय 1 जून ते 31 जुलै यांत्रिकी मासेमारी बंद. म्हणजे पहाटे इंजिनांचा आवाज नसतो ते हेच दोन महिने, आणि नेमके याच दोन महिन्यांत कौलांवर ढोल वाजत असतात. लेखिका म्हणतात, कोकणात रेकॉर्डिंगला मुहूर्त नसतो, फट असते. दोन सरींच्या मधली.

आता मुद्द्याचं. या प्रकारातल्या बहुतेक ऑडिओत एक खोड असते. सुरुवातीला पात्रं ठीक चालतात. हा तुसडा, ती बोलघेवडी, तो लाजाळू. आणि जवळिकीचा प्रसंग आला की सगळे एकाच सुरात श्वास टाकायला लागतात. कपड्यांबरोबर स्वभावही खुंटीवर टांगला जातो. चारपाच भाग ज्या बाईला ऐकलं, ती ऐन वेळी गायब, आणि तिच्या जागी कुणीतरी उसासे टाकणारी. लेखिकेचा सगळा राग या एका गोष्टीवर आहे, आणि मला तो शंभर टक्के पटतो. माणूस सर्वांत जास्त स्वतःसारखा वागायला हवा तो तिथेच.

(पडद्यावर : वहीची पानं. अक्षर बारीक, समासात बाण.)

ही आवाजाची वही. प्रत्येक पात्राला काही पानं. दिसायला कसा, हे जवळजवळ कुठेच नाही. खानावळवालीच्या पानावर लिहिलंय : वाक्य एका दमात संपवते, कारण चुलीवर काहीतरी असतंच. प्रश्न विचारते तेव्हा उत्तराची वाट बघत नाही. हसते आधी, बोलते नंतर. कधीच म्हणणार नाही : 'माझं तुझ्यावर प्रेम आहे.' ही शेवटची ओळ लाल शाईने. पात्र काय बोलणार नाही, याची यादी काय बोलेल याच्यापेक्षा लांब आहे.

साहेबाच्या पानावर : 'की' लावतो. बसा की, घ्या की. घाबरला की वाक्य लांबतं. पहिले चार भाग तिला 'तुम्ही' म्हणतो. पाचव्यात 'तू' कुठल्या वाक्यात येतो, यावर वहीत दीड पान खाडाखोड आहे. मराठीत लिहिणाऱ्याला हे आयतं मिळालेलं हत्यार. कानाला एवढं एक अक्षर बदललेलं कळलं, की दार लावल्याचा आवाज वेगळा घालावा लागत नाही. आणखी एक सोय म्हणजे क्रियापद. 'आलो' आणि 'आले' यातून बोलणारा कोण ते समजतं, 'ती म्हणाली', 'तो म्हणाला' असं निवेदन मध्ये कडमडत नाही.

नावाशिवाय नुसत्या बोलण्यावरून माणूस ओळखायचा, ही आपल्याकडची जुनी करमणूक आहे. हाल सातवाहनाच्या नावावर असलेल्या गाथासप्तशतीत महाराष्ट्री प्राकृतातल्या किती गाथा अशाच आहेत. कोण कुणाला बोलतंय हे गाथेत लिहिलेलं नसतं. नायिका सखीला म्हणते, की कुणी वाटसरूला, ते टीकाकार मागाहून सांगतात. गाथेतल्या बाईने मात्र तिचं काम दोन ओळींत केलेलं असतं.

(पडद्यावर : पडवी. एक गृहस्थ चहाची बशी तोंडाला लावतात. चेहऱ्याच्या जागी पाठ.)

हे दादा. दशावतारात स्त्रीपार्टी, म्हणजे बाईची भूमिका करतात, गेली कित्येक वर्षं. हंगाम संपला, पेटारा बंद झाला, की शेती आणि हे काम. दशावताराला लिहिलेली संहिता नसते. रात्री आख्यान ठरतं, कोण काय ते ठरतं, आणि संवाद उभ्या उभ्या होतात. त्यामुळे लेखिकेने पान पुढे केलं की दादा ते आधी बाजूला ठेवतात. 'ह्या नंतर,' म्हणतात, 'आधी ती कोण ता सांग गो बाय.'

आम्हाला वाटलं होतं, पुरुष बाईचा आवाज काढतो म्हणजे आवाज बारीक करत असेल. पुरुषाचा बोलण्याचा स्वर सरासरी 120 हर्ट्झच्या आसपास, बाईचा 200 च्या वर. एवढी चढण रोज रात्रभर चढली तर घसा चैत्रापर्यंत टिकणार नाही. दादा पट्टी फारशी बदलतच नाहीत. आवाज छातीतून उचलून दातांजवळ आणतात, वाक्याचं शेपूट सैल सोडतात, आणि स्वल्पविरामाच्या जागा हलवतात. समोर बसून ऐकलं, दोन मिनिटांत मिशीकडे लक्ष जाईनासं झालं. मालिकेत खानावळवालीची भोचक मावशी तेच करतात.

त्यांना जड गेली ती दुसरी गोष्ट. देवळासमोरच्या जत्रेत शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकायची सवय. इथे ऐकणारा कानाच्या पाळीवर. पहिल्या दिवशी मावशीने नुसतं 'गो' म्हटलं आणि स्क्रीनवरची रेघ वर जाऊन आपटली.

(पडद्यावर : रेकॉर्डिंग. घड्याळात पावणेएक. पाऊस थांबलेला.)

आज पाचवा भाग. गोष्टीत वीज गेलीय, पंखे बंद, साहेब घामाघूम. तो उठून जायला निघतो आणि ती त्याला अडवते. वाक्य एवढंच : 'तू हंयच रव.'

खानावळवालीचा आवाज लेखिकेचाच. पहिल्यांदा त्या ते कुजबुजत म्हणतात. कुजबुजताना स्वरतंतू कंप पावत नाहीत, नुसती हवा जाते, म्हणून पट्टी उरत नाही आणि आवाजाचा मालकही उरत नाही. कुणाचीही कुजबुज कुणाच्याही कुजबुजीसारखी. दादा बाहेरून दारावर टकटक करतात.

'ही कोण बोलता? ही खानावळवाली न्हय. ही सिनेमातली.'

दुसऱ्यांदा आवाज आहे, पण लाडिक. दादा काही बोलत नाहीत, म्हणजे नापसंत. मग लेखिका उठतात, स्वयंपाकघरात जाऊन पाणी पितात. कोमट, कारण सुकलेल्या तोंडाची चिकचिक माईक जवळ असला की मोठी ऐकू येते. परत येऊन वहीचं पान वाचतात. ही बाई वीस वर्षं हुकूम सोडतेय. मीठ आण, पानं घे, हिशेब दे. ती अडवेल तेही तसंच.

तिसऱ्यांदा वाक्य सपाट येतं, अर्ध्या आवाजात, शेवटी जरासुद्धा न वळवता. तू हंयच रव. मग थोडी शांतता, तिचा एक श्वास, आणि लिहिलेलं नसलेलं वाक्य : 'पंखो लावू?'

वीज गेलेली आहे. पंखा लागणार नाही, हे तिला माहीत आहे, त्यालाही. हेडफोनमध्ये आम्ही तिघं ऐकत होतो, तिघांच्याही अंगावर काटा आला. दादांनी बाहेरून एवढंच म्हटलं, 'आता ती इली.'

मालवणीबद्दल लेखिकेचं एक गाऱ्हाणं आहे, ते इथेच सांगायला हवं. करमणुकीच्या जगात मालवणी म्हटली की लोक हसायच्या तयारीत बसतात. शिवी येणार, फजिती होणार. या बोलीत कुणी कुणाच्या केसांतून हात फिरवत असेल, हे जणू शक्यच नाही. प्रेम करायला पात्रं प्रमाण मराठीत शिरतात, पुस्तकातली होतात. त्यांच्या मालिकेत उलटं आहे. खानावळवाली गिऱ्हाइकाशी शहरी मराठी बोलते आणि जसजशी जवळ येते तसतशी मालवणी होत जाते. शरीराच्या अवयवांसाठी आपल्याकडे एक तर संस्कृत आहे नाहीतर शिवी, मधलं फार थोडं. ती अडचण त्या शब्द शोधून सोडवत नाहीत. ज्याला जे म्हणायचं तोंड नाही तो ते म्हणतच नाही, दुसरंच काही बोलतो. तरीवाला पाण्याबद्दल बोलतो. 'पाण्याक ओढ आसा,' एवढ्यावर त्याचा अख्खा प्रसंग उभा आहे.

तरीवाल्याचा आवाज देणारा तरुण कुडाळचा. तो इथे येत नाही, आपल्या खोलीत बसून पाठवतो. जोडीचे प्रसंगही दोघं वेगवेगळे करतात. काय बोलायचं, काय नाही, हे आधी लिहून ठरलेलं असतं आणि कुणीही कुठलीही ओळ नाकारू शकतो. वहीत तरीवाल्याच्या पानावर माईकचं अंतर लिहिलंय : एक हात, तोंड किंचित बाजूला. खानावळवालीचं चार बोटं. माईक तोंडाजवळ आला की खर्ज फुगतो, म्हणून ती कानात शिरल्यासारखी वाटते. हा आयुष्यभर या काठावरून त्या काठाला हाका मारत आलेला माणूस. हळू बोलायचं म्हटलं की याचा घसा अडकतो. म्हणून तो लांब. साहेब सुरुवातीला लांब, मग भागागणिक बोटभर पुढे सरकतो. ऐकणाऱ्याला कारण कळत नाही, अंतर कळतं.

कायद्याचं भान त्यांना आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 67 ऑनलाइन अश्लील मजकुराबद्दलचं, पहिल्याच गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. कादंबरीकार चंद्रकांत काकोडकरांवर 1962 च्या दिवाळी अंकातल्या कथेवरून अश्लीलतेचा खटला झाला, तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 1969 मध्ये ते सुटले. सात वर्षं. लेखिका हे सांगताना हसल्या नाहीत, लगेच दुसरा विषय काढला.

(पडद्यावर : सावंतवाडी-वेंगुर्ले एसटी. खिडकीबाहेर काजूची झाडं. पुढच्या सीटवर दादांची पाठ.)

पुढच्या मालिकेत साठी उलटलेलं जोडपं आहे. दादांनी अट घातलीय. 'एकदा तरी माका बापयाचो पार्ट दी गो.' म्हणून नवरा त्यांना मिळालाय. निवृत्त एसटी ड्रायव्हर. गेले काही दिवस दादा मिळेल त्या गाडीत ड्रायव्हरच्या मागची सीट धरून बसतात, कंडक्टरशी ड्रायव्हरचं काय बोलणं होतं ते ऐकतात.

वहीत नवं पान उघडलंय. ड्रायव्हर बोलताना कधीच समोरच्याच्या तोंडाकडे बघत नाही, नजर रस्त्यावर. म्हणून माईक डाव्या गालाशी. वाक्य मध्येच तोडतो, वळण संपलं की पुढे चालू करतो. बायकोला नावाने हाक मारत नाही, 'ऐकलंस?' म्हणतो. त्याच्या खोकल्यावरून मात्र दोघांचं वाजलंय. दादांना तो प्रत्येक लाजिरवाण्या वाक्याआधी हवाय. लेखिका म्हणतात, एकदाच, आणि तोही तिच्या वाक्यानंतर.