हॉपफील्ड यांचं जाळं

[दृश्य: संगणकाच्या पडद्यावर १० बाय १० चौकटी]

या १०० चौकटींत एक अक्षर दडलंय: ‘म’. काळी चौकट म्हणजे +१, पांढरी म्हणजे −१. प्रत्येक दोन चौकटींमध्ये एक दुवा, आणि दुव्याला एक भार, म्हणजे एक आकडा. यातल्या २० चौकटींचे रंग मुद्दाम उलटे केलेत. आता कुठलीही एक चौकट निवडायची. उरलेल्या ९९ पैकी प्रत्येकीचा रंग गुणिले तिच्या दुव्याचा भार, अशी बेरीज करायची. बेरीज धन आली तर निवडलेली चौकट काळी, ऋण आली तर पांढरी. मग दुसरी चौकट, मग तिसरी. काही फेऱ्यांत बदल थांबतात आणि ‘म’ पुरता दिसू लागतो.

भार ठरवायची रीतही साधी. साठवायच्या अक्षरात दोन चौकटींचा रंग एकच असेल तर त्यांच्या दुव्यात १ मिळवायचा, वेगळा असेल तर १ वजा करायचा. १०० चौकटींच्या जोड्या ४,९५०. सगळी अक्षरं याच दुव्यांत, एकमेकांवर रचलेली.

[दृश्य: जुनी छायाचित्रं]

१९८२ साली हे जाळं मांडलं जॉन हॉपफील्ड यांनी. चौकटीच्या जागी न्यूरॉन, म्हणजे मेंदूतली चेतापेशी. माणूस मात्र पक्का घनस्थिती भौतिकीतला, म्हणजे घन पदार्थांच्या अभ्यासातला. जन्म १९३३, शिकागो. आई-वडील दोघंही भौतिकशास्त्रज्ञ. १९५८ मध्ये कॉर्नेलची पीएचडी, मग बेल लॅब्ज, बर्कली, प्रिन्स्टन. १९६९ मध्ये त्याच विषयातला बकली पुरस्कार मिळाला. तोवर गडी जीवशास्त्राकडे वळू लागला होता. पेशी प्रथिनं बनवताना चुका इतक्या कमी कशा करते? १९७४ मध्ये त्यांनी दाखवलं की पेशी मुद्रितशोधन करते. एका तपासणीत शंभरात एक चूक सुटत असेल, तर ऊर्जा खर्चून दुसऱ्यांदा तपासल्यावर दहा हजारांत एक.

१९८० मध्ये कॅलटेक, म्हणजे कॅलिफोर्नियातली तंत्रविज्ञान संस्था. चुंबकातले अणू एकमेकांच्या ओढीनं दिशा ठरवतात, ते गणित हॉपफील्ड यांनी न्यूरॉनना लावलं. प्रत्येक बदलासरशी जाळ्याची ऊर्जा (न्यूरॉनची स्थिती आणि भार यांवरून काढलेला एक आकडा) उतरते किंवा तेवढीच राहते, चढत कधीच नाही. म्हणून ते कुठेतरी थांबतंच. त्याला अटी आहेत: दुव्याचा भार दोन्ही दिशांनी सारखा हवा आणि एका वेळी एकच न्यूरॉन बदलायला हवा. सगळे एकदम बदलले तर जाळं दोन चित्रांमध्ये हेलकावे खात राहू शकतं. खऱ्या मेंदूत दुवे असे सारखे नसतात, हा आक्षेप रास्तच आहे. हॉपफील्ड यांच्या गणनांमधलं एक जाळं ३० न्यूरॉनचं होतं. दुवे फक्त ४३५.

[दृश्य: पडद्यावर ‘म’, ‘भ’, ‘स’]

बिघडतं कुठे, तेही पाहू. यादृच्छिक चित्रं असतील तर न्यूरॉनच्या संख्येच्या साधारण १४ टक्केच साठतात. १०० न्यूरॉन असले तर चौदाएक. देवनागरीत तेवढीही नाहीत, कारण शिरोरेषा आणि उजवा दंड पुष्कळ अक्षरांत सामायिक. ‘म’ आणि ‘भ’ एकमेकांत मिसळतात आणि कुणीच न शिकवलेलं तिसरं अक्षर उमटतं. निम्म्याहून बऱ्याच जास्त चौकटी उलटल्या तर काळ्याचं पांढरं झालेला ‘म’ मिळतो. १९८३ मध्ये हॉपफील्ड आणि सहकाऱ्यांनी यावर उतारा काढला: जाळं भरकटून जिथे थांबेल ते चित्र दुव्यांतून थोडंथोडं वजा करायचं. २०१६ मध्ये, वयाच्या त्र्याऐंशीच्या आसपास, दिमित्री क्रोटोव्ह यांच्यासह त्यांनी ऊर्जेच्या सूत्रातला वर्ग काढून वरचा घात घातला आणि क्षमता कितीतरी पटींनी वाढली.

[दृश्य: आयसर, पुणे. मग पडणारी वाळू]

सांख्यिकी भौतिकीतलं २०२२ चं बोल्ट्झमन पदक दोघांना मिळालं. हॉपफील्ड आणि तेव्हा पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेत असलेले दीपक धर. हे पदक मिळवणारे धर पहिले भारतीय. धर यांची पीएचडी कॅलटेकचीच, १९७८ ची. हॉपफील्ड तिथे पोचले दोन वर्षांनी. चुकामूकच म्हणायची. धर यांचं गाजलेलं काम मुंबईच्या टीआयएफआरमधलं (टाटा मूलभूत संशोधन संस्था), वाळूच्या ढिगाच्या प्रारूपावरचं. चौकटीत चार कण साठले की ती ढासळते, चारही शेजाऱ्यांना एकेक कण जातो. त्यातून शेजारीही ढासळू शकतात. आधी कुठली चौकट ढासळवली यानं शेवटच्या चित्रात काहीच फरक पडत नाही, हे धर यांनी १९९० मध्ये सिद्ध केलं. हॉपफील्डच्या जाळ्यात मात्र क्रम बदलला तर वेगळीच स्मृती, म्हणजे साठवलेलं दुसरंच अक्षर, हाती लागू शकते.

२००३ मध्ये जॉन बेग्ज आणि डीटमार प्लेंझ यांना उंदराच्या मेंदूच्या कापांत, इलेक्ट्रोडच्या जाळीवर, अशाच कोसळणी दिसल्या: लहान पुष्कळ, मोठ्या विरळ, घातांक साधारण दीड, म्हणजे आकार चौपट तर संख्या साधारण आठवा भाग. मेंदू खरोखर वाळूच्या ढिगासारखा ढासळण्याच्या टोकावर चालतो का, यावर अजून वाद आहे.

[दृश्य: स्टॉकहोम]

२०२४ चं भौतिकीचं नोबेल हॉपफील्ड आणि जेफ्री हिंटन यांना मिळालं. हिंटन यांचं बोल्ट्झमन मशीन, म्हणजे उदाहरणांवरून शिकणारं जाळं, याच जाळ्यावर उभं आहे, आणि एआयची वाट तिथूनही गेली आहे. एआयच्या मर्यादा आपल्याला कळलेल्या नाहीत याची काळजी वाटते, असं ९१ वर्षांच्या हॉपफील्ड यांनी पुरस्कार जाहीर झाला त्याच दिवशी बोलून दाखवलं.