छेदाचं चिन्ह कुणी पाहिलं?

(सोलापुरातल्या एका अभ्यासिकेत जीआरई या परदेशातल्या पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांसमोर दिलेलं व्याख्यान, थोडं आवरून.)

फळ्यावरचं गणित सगळ्यांनी उतरवून घेतलंय ना? (क्ष + ३)/(क्ष − २) ≥ २. आत्ता वह्या बघत बाकांमधून फिरलो. बहुतेकांची पुढची ओळ एकच: क्ष + ३ ≥ २क्ष − ४, म्हणून क्ष ≤ ७. आकडेमोड चोख आहे. आता क्षच्या जागी ० घाला. ० काही ७ पेक्षा मोठा नाही, तेव्हा तुमच्या उत्तरात तो बसतो. पण डावी बाजू येते ३/(−२), म्हणजे उणे दीड. उणे दीड दोनपेक्षा मोठा कसा होईल?

तो शून्य आत शिरला तिरकस गुणाकारातून. शाळेत हा गुणाकार हाडात मुरतो, आणि समीकरणात तो बरोबरच आहे. छेद शून्य नसला की झालं. असमानतेत मात्र चिन्हाला तोंड असतं, आणि ऋण संख्येने गुणलं की ते तोंड फिरतं. ब्रह्मगुप्ताने ६२८ साली ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’त या संख्यांचे नियम लिहिले, तेव्हा शब्द वापरले धन आणि ऋण. आपण आजही तेच म्हणतो, फक्त ऋण म्हणजे कर्ज हे विसरतो. चाटी गल्लीतले दोन दुकानदार घ्या. एकाची शिल्लक दोन हजार, दुसऱ्याची तीन हजार. दुसरा वरचढ. आता तेच आकडे उधारीचे समजा. तीन हजार देणं असलेला खाली गेला. २ < ३, पण −२ > −३. नियम पाठ करू नका, हे दोघे डोळ्यांसमोर आणा.

मग क्ष − २ ने गुणताना तुम्ही काय धरून चाललात? की तो धन आहे. क्ष ५ असेल तर आहे, ० असेल तर नाही. क्ष कोण ते ठाऊक नसताना त्याची बाजू आपण परस्पर ठरवून टाकली.

म्हणून गुणायचंच नाही. उजवीकडचा २ डावीकडे आणा आणि एकच अपूर्णांक करा: (क्ष + ३ − २क्ष + ४)/(क्ष − २) ≥ ०, म्हणजे (७ − क्ष)/(क्ष − २) ≥ ०. आता प्रश्न किती लहान झाला बघा. किंमत कुणी विचारत नाही, फक्त धन की ऋण एवढंच हवं. चिन्ह बदलू शकतं ते दोनच जागी, २ आणि ७.

संख्यारेषा म्हणजे आपली पुण्याकडे जाणारी रेल्वे समजा. २ म्हणजे मोहोळ, ७ म्हणजे कुर्डुवाडी. दोन स्टेशनांच्या मधे चिन्ह बदलत नाही, म्हणून प्रत्येक टप्प्यातला एकच आकडा तपासला की पुरतं. मोहोळच्या अलीकडे ० घ्या: ७/(−२), ऋण. मधे ३ घ्या: ४/१, धन. कुर्डुवाडीपुढे ८ घ्या: (−१)/६, ऋण. हवा आहे मधला टप्पा. ७ वर उतरता येतं, कारण तिथे अंश शून्य होतो आणि ‘किंवा बरोबर’ची मुभा आहे. २ वर नाही, तिथे छेद शून्य. उत्तर: २ < क्ष ≤ ७.

मघाशी तिसऱ्या बाकावरून एकीने विचारलं, “सर, छेदाच्या वर्गाने गुणलं तर?” फार चांगला प्रश्न. चालतं. क्ष २ नसेल तर (क्ष − २)² नेहमी धन, त्यामुळे तोंड फिरत नाही. (क्ष − २)(७ − क्ष) ≥ ० येतं, फक्त २ हाताने वगळायचा. पण छेदात दोन-तीन अवयव असले की घात वाढतो, म्हणून मला पहिली रीत जवळची वाटते.

आता जिथे हुशार मुलंही अडकतात ते. (क्ष − १)²(क्ष − ४)/(क्ष + २) ≥ ०. स्टेशनं −२, १ आणि ४. पण १ वर चिन्ह बदलत नाही, वर्ग दोन्हीकडे धनच. म्हणून क्ष < −२ किंवा क्ष ≥ ४. एवढं लिहून पेन खाली ठेवतात. पण क्ष = १ ला अख्खा अंश शून्य, आणि शून्य चालतो! दोन लांब पट्ट्यांच्या मधे तो एकटा १ उभा असतो. त्याला घ्यायला विसरू नका.

१/क्ष < १/३ मध्येही हेच. ‘उलटे केले की चिन्ह उलटं’ म्हणून क्ष > ३ लिहिता, आणि सगळे ऋण क्ष बाहेर राहतात. त्यांचा १/क्ष ऋण, तो १/३ पेक्षा लहान असणारच. उत्तर: क्ष > ३ किंवा क्ष < ०.

जीआरईच्या गणिताच्या पहिल्या भागात १२ प्रश्नांना २१ मिनिटं, म्हणजे प्रश्नाला १०५ सेकंद. पडद्यावर कॅल्क्युलेटर मिळतो, पण चिन्हाची बाजू तो तुमच्यासाठी ठरवणार नाही. तुलनेच्या प्रश्नात तर आकडेमोडही नको. समजा दिलंय: क्ष < १, क्ष शून्य नाही. एकीकडे क्ष, दुसरीकडे १/क्ष. मोठं कोण? अर्धा घ्या: अर्धा आणि दोन, दुसरं मोठं. उणे अर्धा घ्या: उणे अर्धा आणि उणे दोन, पहिलं मोठं. दोन आकडे, दोन वेगळी उत्तरं. तेव्हा शेवटचा पर्याय, ‘दिलेल्या माहितीवरून ठरवता येत नाही’.

आता पान उलटा आणि क्ष/(क्ष + १) ≤ २ सोडवा. पहिली ओळ लिहिण्याआधी छेदाकडे बघा. मी पुन्हा बाकांमधून येतोय.