संकासुर सोफ्यावर बसतो तेव्हा

(फोंडा येथे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय आणि मंडळी,

पत्रिकेवर विषय जसा कळवला तसाच छापलात, म्हणून आयोजकांचे आधी आभार मानते. मला त्याचं अप्रूप का वाटतं, ते सांगते.

काही वर्षांपूर्वी असंच एका ठिकाणी बोलावणं आलं होतं. ठिकाणाचं नाव नको. ‘द सिम्प्सन्स’ या अमेरिकन मालिकेतली कुटुंबाची टवाळी आणि तिची गोडी, असा आजचाच विषय मी लेखी कळवला. पत्रिकेवर छापून आलं, ‘बच्चेकंपनीसाठी कार्टूनची धमाल’! मी पोचले तेव्हा समोर पन्नासेक मुलं होती, पहिली-दुसरीतली, आणि भिंतीला टेकून त्यांच्या आया. एकाच्या हातात फुगासुद्धा होता. दुसरा काही बेत हाताशी नव्हता, म्हणून आणलेली दृश्यं लावली. पडद्यावर होमर सिम्प्सन चिडून पोराचा, बार्टचा, गळा आवळतो. मुलं खदखदून हसली. एक बाई मात्र उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “मॅडम, असला बाप तुम्ही आमच्या पोरांना दाखवता?”

मला राग आला तो पत्रिका छापणाऱ्यांचा. चित्रं हलली की ती पोरांसाठीच, ही समजूत आपल्याकडे फार घट्ट आहे. मारियो मिरांडांची चित्रं घराघरांत टांगणाऱ्या गोव्यात तरी ती नसावी, असं मला मनापासून वाटतं. लोटलीच्या या माणसानं लग्नं, बाजार, भाटकार म्हणजे जमीनदार, कारकून सगळ्यांची मजा रेषेनं केली. ती चित्रं बालवाडीसाठी आहेत असं कुणी म्हटलं नाही. असो. त्या बाईंचा प्रश्न मात्र खरा होता. उत्तर त्या दिवशी देता आलं नाही, कारण तेवढ्यात सामोसे आले.

हाच प्रश्न अमेरिकेत थेट राष्ट्राध्यक्षांच्या घरातून आला होता. 1990 मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बार्बरा बुश यांनी या मालिकेला मूर्खपणा म्हटलं. त्यावर मार्ज सिम्प्सन, म्हणजे मालिकेतली आई, हिच्या नावानं त्यांना पत्र गेलं. अगदी सभ्य पत्र. आणि बार्बराबाईंनी मार्जला उत्तर लिहून दिलगिरी व्यक्त केली! कागदावरच्या बाईला. मला ही गोष्ट फार आवडते. पण 1992 मध्ये त्यांचे यजमान, राष्ट्राध्यक्ष बुश, पुन्हा बोललेच: अमेरिकन कुटुंबं सिम्प्सनांसारखी कमी आणि वॉल्टनांसारखी जास्त व्हायला हवीत. वॉल्टन हे दुसऱ्या एका मालिकेतलं 1930 च्या महामंदीतलं सोशिक कुटुंब. तीनच दिवसांत बार्ट पडद्यावर म्हणाला की आम्ही वॉल्टनांसारखेच आहोत, आम्हीही मंदी संपावी म्हणून प्रार्थना करतो. त्या वर्षी अमेरिकेत खरोखरच कामधंद्याचे हाल होते. हशा आला तो म्हणून.

आता आपल्याकडे येते. पेडण्यात, माझ्या आजोळी, जत्रेला दशावतार असायचा. आडदशावतारात, म्हणजे मुख्य नाटकाआधीच्या भागात, गणपती येतो, सरस्वती येते, ब्रह्मदेव येतो, आणि मग संकासुर. काळा वेश, काळं बुरख्यासारखं तोंड, डोळ्यांभोवती पांढऱ्या कडा, बाहेर लोंबणारी लाल जीभ. वेद चोरायला आलेला राक्षस, पण आम्ही पोरं वाट बघायचो ती त्याचीच. तो गावाची भाषा बोलायचा, पंचायतीच्या नळाला पाणी कधी येतं ते विचारायचा, समोर बसलेल्यांच्या खोड्या काढायचा. आजी पदर तोंडाला लावून हसायची. पुढच्या रांगेतले मानकरीही हसायचे. संकासुर झालेला माणूस सकाळी त्याच गावात चहा प्यायचा, त्याच कुणाच्या तरी पडवीत झोपायचा. माझं आजचं म्हणणं एवढंच आहे की टवाळी गोड लागते ती असल्या माणसाची.

मॅट ग्रेनिंग या व्यंगचित्रकारानं सिम्प्सन कुटुंब आखलं तेव्हा नावं घरातलीच घेतली. बापाचं नाव होमर, आईचं मार्गारेट, बहिणी लिसा आणि मॅगी. 1987 मध्ये दुसऱ्याच्या कार्यक्रमातले छोटे तुकडे म्हणून ती माणसं पडद्यावर आली आणि 17 डिसेंबर 1989 पासून स्वतःची मालिका घेऊन बसली. बहुतेक भागांच्या सुरुवातीला पाचही जणं धावत येऊन सोफ्यावर आपटतात, टीव्हीकडे तोंड करून. म्हणजे आपल्याकडे तोंड करून. आपणही आपल्या घरी तसेच बसलेलो असतो.

आमच्या डिचोलीच्या घरी सोफा नव्हता, वेताचा बाक होता. मी कॉलेजात होते. बाबा खाणीवर टाइमकीपर. हजेरीपट, पाळ्या, भोंगे यांतच आयुष्य गेलं. त्यांना इंग्रजी फारसं कळायचं नाही, मी बाजूला बसून मराठीत सांगायची. होमर अणुवीज केंद्रात नियंत्रणाच्या टेबलावर डोकं टेकून झोपलेला पाहिला आणि बाबा म्हणाले, “हा आमच्या रात्रपाळीतला.” तेव्हापासून ती मालिका त्यांची झाली.

एक भाग 1995 सालचा आहे. होमरचं कर्ज फिटतं. तो केंद्रातली नोकरी सोडतो, जाताना मालकाच्या, मिस्टर बर्न्सच्या, डोक्यावर तबला वाजवावा तसा हात मारतो, आणि बोलिंगच्या अड्ड्यावर त्याला आवडणारं काम धरतो. पगार कमी, पण माणूस खूश. मग मार्जला तिसऱ्यांदा दिवस जातात. खर्च भागेना. होमर परत केंद्रात जातो, तेही याचकांसाठी केलेल्या बुटक्या दारातून, रांगत. बर्न्स त्याच्या टेबलासमोर पाटी ठोकतो: विसरू नकोस, तू इथं कायमचा आहेस. पुढं मुलं विचारतात, अल्बममध्ये मॅगीचे, म्हणजे त्या तिसऱ्या लेकीचे, फोटो का नाहीत? होमर म्हणतो, मला सगळ्यात जास्त गरज आहे तिथं ते आहेत. आणि आपल्याला टेबल दिसतं. त्यानं पाटीवर मॅगीचे फोटो असे चिकटवलेत की बरीच अक्षरं झाकली गेलीत. उरलेली अक्षरं सांगतात: हे तिच्यासाठी कर.

मी बाबांना हे मराठीत सांगितलं. ते थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिले. मग विचारलं, “पगार वाढवला त्याचा?” मी म्हटलं, नाही. “आमकांय ना,” एवढंच म्हणाले आणि उठून पाणी प्यायला गेले. दुसऱ्या दिवशी त्यांची पहिली पाळी होती. त्या वर्षी माझी फी त्यांनी कशी भरली, ते मला पुढं कितीतरी वर्षांनी कळलं.

त्या बाईंना मला हेच सांगायचं होतं. गळा आवळणारा बाप हाच आहे, आणि फोटो लावणाराही हाच.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं. मुख्य विषय तर आत्ताच सुरू होतोय, तेव्हा भरभर सांगते.

ही मालिका उपनगराची का? महायुद्धानंतर परतलेल्या सैनिकांना घरकर्ज मिळालं आणि 1947 पासून न्यूयॉर्कजवळ लेव्हिटटाउन उभं राहिलं, एका साच्यातली हजारो घरं. मग टीव्हीनं त्या घरांत आदर्श बाप बसवला. 1954 साली आलेल्या ‘फादर नोज बेस्ट’, म्हणजे ‘बापालाच सगळं कळतं’, या मालिकेतलं गाव स्प्रिंगफिल्ड. ग्रेनिंगला लहानपणी ते आपल्या पोर्टलंडशेजारचंच स्प्रिंगफिल्ड वाटायचं. पुढं त्यानं आपल्या होमरला नेमकं स्प्रिंगफिल्डलाच घर दिलं. जिथं बापाला सगळं कळायचं, तिथंच काही न कळणारा बाप. साडेसातशेहून जास्त भाग झाले, ते या अदलाबदलीवर.

मालिका जिथं चुकली, तेही सांगायला हवं. अपू, तो भारतीय दुकानदार. त्याचा आवाज हँक अझारिया हा गोरा नट काढायचा. अमेरिकेत वाढलेल्या आपल्या मुलांना त्या हेलावरून चिडवलं गेलं, 2017 मध्ये हरी कोंडाबोलू या भारतीय वंशाच्या विनोदवीरानं त्यावर माहितीपट केला आणि 2020 मध्ये अझारियानं तो आवाज सोडला. मला ते योग्य वाटतं. होमरची चेष्टा लिहिणारे सोफ्यावर होते. अपूची चेष्टा लिहिणारे काउंटरच्या अलीकडे, गिऱ्हाईक म्हणून उभे होते.

मराठीत हे नवं नाही. चि. वि. जोशींचा चिमणराव आपली फजिती स्वतःच्या तोंडानं सांगतो. दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकरांनी तो उभा केला तेव्हा घरोघरी ओळखीचा वाटला. पण तो वाड्यातला. परवरीच्या पठारावर, म्हापशाच्या कडेला, इथं फोंड्यात ज्या कॉलन्या झाल्यात, त्यांचा चिमणराव कुठं आहे? पार्किंगवरून भांडणारे, बोटीवर गेलेल्या मुलाशी रात्री व्हिडिओ कॉल करणारे, गणपतीवरच्या माटोळीची फळं बाल्कनीत कुठं बांधायची म्हणून घोळ घालणारे? मागं बसलेल्या मुलामुलींनो, हे तुम्ही लिहा. नाव काय ठेवायचं म्हणून अडू नका, माझ्या बाबांचं नाव मी आनंदानं देते. दिवे मालवा आता, पाटीचा भाग लावूया.