दीड तासाचा सावळेपणा

(मेकअप रूम. आरशातला चेहरा.)

मालिकेतली भूमिका नाशिक जिल्ह्याच्या पेठ तालुक्यातल्या कोकणा या आदिवासी जमातीतल्या मुलीची. अभिनेत्री मुंबईहून आलेली, गोरी.

चेहरा पुसून आधी मॉइश्चरायझर. तपकिरी बेस थेट लावला तर गोऱ्या त्वचेवर राखेसारखा दिसतो, म्हणून खाली नारिंगी-लालसर थर. वरचा बेस स्पंजाने थापायचा. ओढला की पट्टे उठतात. पापण्या, कानामागची जागा, केसांची कड, बोटांच्या बेचक्या... हात चुकतो तो इथेच. तळहात तसेच सोडायचे. मग पावडर, वरून फिक्सर. दीड तास गेला.

(आऊटडोअर. गळ्याचा क्लोजअप.)

उन्हात एक सीन झाला की मानेवर घामाचे ओघळ आणि चोळीच्या काठाला तपकिरी डाग. पावडरीने चेहरा कोरडा पडतो, म्हणून गालावर पुन्हा तेलाचं बोट. सावळ्या त्वचेवर ही तुकतुकी सहज उठून दिसते.

(फोनवरचे ऑडिशन व्हिडिओ.)

‘तशा मुली मिळत नाहीत,’ असं कास्टिंगवाले सांगतात. या बघा, आलेल्या मुली. मागे पांढरी भिंत, फोन ऑटोवर. भिंतीचा उजेड बघून फोन एक्स्पोजर, म्हणजे चित्राचा उजळपणा, खाली आणतो आणि चेहरा काळवंडतो. डोळेच दिसत नाहीत, मग अभिनय कुठून दिसणार!

तीच मुलगी, तोच फोन. भिंत आता निळी, खिडकी बाजूला, दुसऱ्या गालाकडे उजेड परतवायला थर्माकोलची शीट. चेहऱ्यावर बोट दाबून एक्स्पोजर लॉक केलं. पाच मिनिटांचं काम. सेटवरही तेच: मुख्य लाइट गोऱ्या चेहऱ्यावर बेतून सावळा चेहरा अंधारात ठेवायचा नाही, त्याच्यासाठी बाजूने वेगळा मऊ उजेड द्यायचा.

यातल्या काही जणी पुढे याच मालिकेत दिसतात, बाजाराच्या गर्दीत.

(‘द गुड अर्थ’चं पोस्टर.)

हॉलिवूडनेही हेच केलं. 1937 च्या या चित्रपटात चिनी शेतकरी जोडपं झाले पॉल म्युनी आणि लुईस रेनर, दोघेही मेकअप करून. चिनी वंशाची अभिनेत्री ॲना मे वाँग तेव्हा हॉलिवूडमध्येच काम करत होती. ऑस्कर रेनरला मिळालं.

(पांडवलेणीच्या पायथ्याचं फाळके स्मारक.)

दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे. 1913 च्या ‘राजा हरिश्चंद्र’साठी त्यांना बाई मिळाली नाही, म्हणून तारामती झाले अण्णा साळुंके. पुढचाच चित्रपट, ‘मोहिनी भस्मासुर’, नाशिकमध्ये झाला. त्यात दुर्गाबाई कामत होत्या आणि त्यांची मुलगी कमलाबाईही.