पाच मिनिटे डावीकडे

पत्रिकेत विषय छापलाय, ‘ओपन सोर्समध्ये पहिलं योगदान कसं करावं’. ओपन सोर्स म्हणजे ज्याचा कोड कुणालाही पाहता, वापरता आणि बदलता येतो असं सॉफ्टवेअर. विषय सांगणारच आहे. पण आधी मावशीची गोष्ट, कारण मला जे म्हणायचंय ते सगळं तिच्यातच आहे.

मावशी नारायण पेठेत राहते. शाळेतून निवृत्त झाली, नर्मदा परिक्रमा करून आली, आणि भगिनी मंडळानं तिला वीस मिनिटं बोलायला सांगितलं. फोटो तीनशे. तिच्या लॅपटॉपवर मी लिनक्स टाकून दिलं होतं, सगळे मेन्यू मराठीत. त्यात सादरीकरणाचा एक छोटा प्रोग्रॅम होता. राहिलेला वेळ फक्त बोलणाऱ्याला दिसतो, श्रोत्यांना नाही. ओंकारेश्वरहून निघालेली मावशी शूलपाणीच्या झाडीपर्यंत पोचली आणि एकदम थांबली. डावीकडे बघायला लागली. मग आम्हीही सगळे डावीकडे बघायला लागलो. तिथं भिंत होती आणि पाण्याचा माठ. कार्यक्रम संपल्यावर मला म्हणाली, ‘अरे, ते सारखं सांगत होतं, ५ मिनिटे डावीकडे. डावीकडे काय होतं?’

तुमच्या लक्षात आलंच. इंग्रजीत ‘लेफ्ट’ म्हणजे डावीकडे, आणि ‘लेफ्ट’ म्हणजे उरलेलंही.

रात्री मी त्या प्रोग्रॅमची मराठीची पीओ फाईल उघडली. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो: वर मूळ इंग्रजी मजकूर, खाली भाषांतर, अशा जोड्या असतात. साध्या नोटपॅडमध्येही उघडते. ‘लेफ्ट’ सापडला, खाली ‘डावीकडे’. ते खोडून मी ‘बाकी’ लिहिलं आणि पाठवून दिलं.

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. प्रकल्प सांभाळणाऱ्या बाईंना मराठीचं अक्षरही येत नव्हतं. त्यांनी एवढंच विचारलं होतं, ‘मजकूर डाव्या बाजूला घ्यायच्या बटणावर आता काय दिसतं?’ पाहिलं, तर तिथं ‘बाकी’.

लिनक्सवरच्या बऱ्याच प्रोग्रॅमांच्या भाषांतरामागे गेटटेक्स्ट नावाचं साधन असतं. एका इंग्रजी मजकुराची फाईलमध्ये एकच नोंद. कोडमध्ये ‘लेफ्ट’ दोन ठिकाणी, दोन अर्थांनी असला, तरी संदर्भ जोडला नसेल तर भाषांतर करणाऱ्यासमोर तो एकदाच येतो. ज्या कोणी ‘डावीकडे’ लिहिलं त्याची काहीच चूक नव्हती, हे मी मुद्दाम सांगतो. खरी अडचण कोडमध्ये होती. तिथं आकडा, ‘मिनिटे’ आणि ‘लेफ्ट’ असे तीन तुकडे एकापुढे एक चिकटवले होते. इंग्रजीचं त्यावर भागतं. आपल्याकडे ५ तास उरले, ५ मिनिटे उरली, १ मिनिट उरले. नामाचं लिंग आणि वचन विचारल्याशिवाय आपलं क्रियापद हलत नाही. ‘बाकी’ लिहिलं की लिंग टळतं, असं पुढच्या रांगेतून कोणी म्हणालं. टळतं, बरोबर आहे. पण मग ‘१ मिनिटे बाकी’ होतं, त्याचं काय?

उपाय असा की भाषांतराला तुकडे द्यायचे नाहीत, आख्खं वाक्य द्यायचं, आणि आकड्याप्रमाणे त्याची रूपं वेगळी मागायची. गेटटेक्स्टमधली एनगेटटेक्स्ट ही सोय त्यासाठीच आहे. मराठीला २ रूपं लागतात, जपानीला १, अरबीला ६. मी हे सगळं उदाहरणं देऊन त्या बाईंना लिहिलं. कोडमधला बदल जेमतेम चार ओळींचा झाला. तरी महिनाभर थांबावं लागलं, कारण नवी आवृत्ती तोंडावर होती. अशा वेळी इंग्रजी वाक्यं गोठवतात. मूळ वाक्य बदललं की बाकीच्या सगळ्या भाषांमधलं त्याचं भाषांतर पुन्हा तपासेपर्यंत वापरातून जातं. पुढच्या खेपेला बदल आत गेला, आणि पोलिश भाषांतर करणाऱ्यानं आभार मानले. त्यांच्या भाषेला ३ रूपं लागतात. तेही तिथंच अडले होते.

म्हणून मुलं जेव्हा विचारतात, ‘सर, सोपा इश्यू, म्हणजे नोंदवलेली अडचण, कुठं मिळेल?’, तेव्हा मला वाटतं की शोध चुकीच्या टोकाकडून सुरू झालाय. तुम्ही रोज काय वापरता? त्यात काय खुपतं? मावशीला जे खुपलं ते इंग्रजीत काम करणाऱ्या हुशारातल्या हुशार प्रोग्रॅमरला दिसलं नसतं.

याची दुसरी बाजू बोलल्याशिवाय मला राहवत नाही. हॅक्टोबरफेस्ट, म्हणजे ऑक्टोबरात ओपन सोर्सला हातभार लावायचा उपक्रम, २०१४ मध्ये सुरू झाला, हेतू चांगला होता. २०२० साली टी-शर्टच्या आशेनं लोकांनी अनोळखी प्रकल्पांच्या रीडमी, म्हणजे ओळख करून देणाऱ्या फाईलमध्ये एखादा शब्द घुसडून पुल रिक्वेस्टचा, म्हणजे ‘माझा बदल घ्या’ अशा विनंत्यांचा, पाऊस पाडला. शेवटी त्याच महिन्यात नियम बदलावा लागला: जे प्रकल्प स्वतःहून सहभागी होतील, त्यांच्यातलंच काम धरायचं. ती प्रत्येक रिक्वेस्ट कुणीतरी नोकरी करून, रात्री घरी बसून वाचत होतं. कुणाच्या संध्याकाळीवर आपण पाय देतोय, हे पाठवण्याआधी डोळ्यांपुढे आणा.

चिठ्ठी आली आहे. सात मिनिटं उरली. कबूल केलेलं भराभर सांगतो.

आधी लायसन्स (वापरायची परवानगी) आणि कॉन्ट्रिब्युटिंग (योगदानाचे नियम) या फाईली वाचा. लायसन्सच नसेल तर तो प्रकल्प ओपन सोर्स धरू नका. मग प्रोग्रॅम स्वतःच्या मशीनवर बिल्ड करा, म्हणजे कोडपासून चालता प्रोग्रॅम तयार करा. पहिल्या खेपेला निम्मा वेळ इथंच जातो, आणि तिथल्या सूचनांमध्ये जे चुकलेलं सापडेल ते दुरुस्त करणं हेही योगदानच. तुमची अडचण आधी कुणी नोंदवली आहे का ते शोधा. नसेल तर नोंदवा: कोणती आवृत्ती, काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं.

मग फोर्क (प्रकल्पाची आपल्या खात्यातली प्रत), क्लोन (ती आपल्या मशीनवर आणणं), वेगळी ब्रांच (बदलांची स्वतंत्र शाखा). एका पुल रिक्वेस्टमध्ये एकच बदल. जाता जाता दुसऱ्याचं इंडेंटेशन, म्हणजे ओळींपुढची मोकळी जागा, सारखं करू नका. कमिट मेसेजमध्ये, म्हणजे बदलासोबतच्या टिपणात, का केलं ते लिहा, काय केलं ते कोडमध्ये दिसतंच. काही प्रकल्प, लिनक्स कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभासुद्धा, शेवटी ‘साइन्ड-ऑफ-बाय’ची ओळ मागतात. हे काम द्यायचा मला हक्क आहे, अशी ती तुमची सही. नोकरी करणाऱ्यांनी ती करण्याआधी कंपनीचा करार वाचावा. उत्तर आलं नाही तर दोन आठवडे थांबा, मग एकदा नम्रपणे विचारा. बदल सुचवले तर त्याच ब्रांचवर करा, नवी रिक्वेस्ट उघडू नका.

कोड येत नसेल तर फायरफॉक्स ब्राउझरचं भाषांतर पाँटून नावाच्या वेबसाइटवर चालतं, विकिपीडियामागच्या मीडियाविकीचं ट्रान्सलेटविकीवर. दोन्हीकडे मराठी आहे. लॅपटॉप आणलेल्यांनी मागच्या टेबलापाशी या, हॉल बंद होईपर्यंत मी आहे.